आईची तिथी

कल्याणात पारनाक्याजवळ त्र्यंबकराव म्हणून एक कारकून राहत. त्यांच्या घरात त्यांची पुतणी गोदा वाढली. ती पाच वर्षांची असताना बाप तापानं गेला आणि पुढच्याच वर्षी आई द्वारकाही गेली, असं तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. एके सकाळी काकूनं तिला विहिरीवर नेलं, डोक्यावर दोन कळश्या ओतल्या आणि म्हटलं, "झाली हो आईच्या नावानं आंघोळ. आता तिचं नाव काढायचं नाही." शेजारी काका ओलेत्यानं उभे होते. सहा वर्षांच्या पोरीला यातून जे समजायचं ते समजलं.

पोरकी म्हणून तिला कोणी टाकून बोललं नाही. काकांना मूल नव्हतं. कचेरीतून येताना ते तिच्यासाठी कधी बत्तासे आणत, कधी काचेच्या बांगड्या. काका म्हणतील ती पूर्व, असा तिचा कारभार होता. नवव्या वर्षी तिचं पनवेलच्या एका घरात लग्न लागलं. तेराव्या वर्षी न्हाण आलं आणि येत्या वैशाखात तिला नांदायला पाठवायचं ठरलं.

त्या कार्तिकात देवळाच्या सभामंडपात चित्रांचा खेळ आला. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिव्याची पेटी, आणि समोरच्या धोतराएवढ्या पडद्यावर माणसाएवढी माणसं. दिवेलागण झाली तसा मंडप गच्च भरला. बायका एका अंगाला बसल्या. गोष्ट रानात टाकून दिलेल्या एका राणीची होती. राणी झाडाखाली बसलेली दिसली आणि बायकांनी हळहळून च् च् केलं. गोदा मात्र पुढे सरकली. राणीच्या डाव्या भुवईवर केस तुटून एक पांढरा डाग होता. त्या डागावरून बोट फिरवत झोपायची सवय असलेली एक लहान पोर गोदेच्या आत कुठेतरी अजून जागी होती.

"काकू, ही आई," ती म्हणाली.

काकूनं अंधारात तिचं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. "गप. राणी आहे ती." आणि चित्र बदलायच्या आत ती उठली. पुरुषांकडे गोदेनं पाहिलं, तर काकाही उठून चप्पल शोधत होते. खेळ अर्धाही झाला नव्हता.

घरी कोणी काही बोललं नाही, आणि गोदेला तेच खटकलं. फुकट गेलेल्या खेळाबद्दल काकू एरवी रात्रभर कुरकुरली असती. दुसऱ्या दिवशी गोदा पाणी आणायला निघाली तर काकू म्हणाली, "तू राहू दे, मी जाते." ओटीवर काका शेजाऱ्याशी बोलत होते, ते गोदा आली तसे भातपिकावर घसरले.

आयुष्यात पहिल्यांदा ती घरातल्या माणसांकडे चोरून पाहू लागली. मग एकेक गोष्ट नजरेत भरली. पितृपक्षात बापाची तिथी व्हायची, पण आईच्या तिथीला घरात कधी पान वाढलं गेलं नव्हतं. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "काकू, आईची तिथी कोणती गं?"

"सर्वपित्रीला होतं सगळ्यांचं."

"आई कशानं गेली?"

"क्षयानं. हात चालव."

संध्याकाळी तिनं काकांना तेच विचारलं. काका पागोटं खुंटीला लावत होते. ते पाठमोरेच म्हणाले, "पटकीनं."

ती ओसरीवर येऊन बसली. पटकी एका दिवसात नेते आणि क्षय वर्ष वर्ष खातो, एवढं तिला कळत होतं. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं. मग मनात आलं, दोघंही बोलत असतील. त्या रात्रीपासून काकू कपाळावरून हात फिरवू लागली की तिला वाटे, ही माया की पहारा?

घरी फुलं आणि पत्रावळीची पानं टाकणारी शेवंती आठवड्याला भाजी घेऊन आगगाडीनं ठाण्याच्या बाजाराला जायची. चित्रवाला ठाण्याचा, हे गोदेनं मंडपातच ऐकलं होतं. तिनं शेवंतीला परसात गाठलं.

"शेवंतीबाई, माझी आई तू पाहिली होतीस ना?"

"पायली व्हती की. बरी बाय व्हती."

"होती की आहे?"

शेवंतीनं टोपली डोक्यावर घेतली. "मना नको इचारू, पोरी. तुजे काकीला इचार." पण ती गेली ती मागे वळून वळून पाहत.

तिसऱ्या दिवशी काकांनी सांगितलं की गोदेला वैशाखात नाही, याच मार्गशीर्षात पाठवायचं. काकू डबे भरायला लागली. गोदेला वाटलं, शेवंतीनंच जाऊन लावलं. दुसऱ्या सकाळी फुलांची पुडी घ्यायला ती स्वतः दारात गेली आणि म्हणाली, "तूच सांगितलंस काकूला. चहाडखोर आहेस." शेवंतीनं पुडी तिच्या हातात दिली नाही. पुडी उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली. पुढे गोदा निघेपर्यंत फुलं शेवंतीची भावजय आणत होती.

निघायच्या दिवशी बैलगाडीत गोदा, काका आणि सासरहून तिला न्यायला मुऱ्हाळी म्हणून आलेले भाऊ, असे तिघं होते. भाऊ म्हणजे सासऱ्यांचे चुलते. अंगानं जाड, बोलायला गोड, पण कान तिखट. गोदेला ते घरातली नाती खोदून खोदून विचारत होते आणि काका तिच्या आधी उत्तरं देत होते. उन्हं चढली तशी शीळच्या फाट्यावर गाडीचे बैल सोडले. कल्याणचा आणि मुंब्र्याकडचा रस्ता तिथं एकत्र होऊन पनवेलला जातो. भाऊ झाडाखाली उपरणं पसरून आडवे झाले. काका गाडीवानाबरोबर विहिरीकडे गेले.

मुंब्र्याच्या रस्त्यानं एक बाई आली. हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू, कडेवर वर्षाचं मूल. लांबवर छत्री घेऊन एक पुरुष थांबला होता. बाई गाडीजवळ आली आणि गोदेनं आधी भुवई पाहिली.

तिला वाटलं होतं, आई दिसली तर आपण धावत जाऊ. पण ती जागची उठली नाही. ती कुंकवाकडेच पाहत राहिली.

"शेवंतीनं सांगितलं, आज इथून जाणार म्हणून," द्वारका म्हणाली. "परवाच्या बाजारात मुद्दाम हुडकत आली घर."

गोदेला दारातली पुडी आठवली. पण ते बाजूला सारून ती म्हणाली, "तू मेली नव्हतीस."

"नाही गं. मी लग्न केलं. ठाण्याच्या एका मास्तरांशी. विधवेनं लग्न केलं म्हणून तुझ्या घरच्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली. आमच्याकडे कोणी पाणी पीत नाही. एक चित्रकार तेवढा मागल्या खोलीत राहतो. त्यानं राणीला माझा चेहरा दिला तेव्हा मीच म्हटलं, डाग ठेव. खेळ कल्याणला जाणार होता."

"म्हणजे मी पाहावं म्हणून?"

"हो."

"त्यापायी मला पाच महिने आधी घालवताहेत."

द्वारकेनं कडेवरचं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. हे तिला सुचलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसलं.

"मला का नेलं नाहीस?" गोदेनं विचारलं. "काकांनी अडवलं?" हो म्हण, असं तिला आतून वाटत होतं. एकदा काका वाईट ठरले की सगळं सोपं होणार होतं.

द्वारकेनं मागे छत्रीवाल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझ्या काकांनी विचारलं होतं, मुलगी हवी की लग्न. कायदाही त्यांच्याच बाजूनं होता. मी एकवीस वर्षांची होते, गोदे. केस काढायला न्हावी यायचा दिवस ठरला होता. मी लग्न म्हटलं. वाटलं, महिन्याकाठी भेटू देतील. तसं कबूलही केलं होतं त्यांनी."

तेवढ्यात काका कळशी घेऊन आले. ते आरडाओरडा करतील असं गोदेला वाटलं. पण भाऊंकडे एक नजर टाकून त्यांनी कळशी खाली ठेवली आणि थोरले दीर असून भावजयीला हात जोडले. "द्वारके, पाया पडतो तुझ्या. आज नको. पोरीचं घर बसायच्या आत मोडेल."

"भेटवायचं कबूल केलं होतंत."

"केलं होतं," काका म्हणाले. "मग भीती वाटली, ही तुझ्याकडे ओढ घेईल. आम्हाला दुसरं कोण होतं?"

गोदेनं काकांचे जोडलेले हात पाहिले. पटकी म्हणणारा माणूस हाच, आणि बत्तासे आणणाराही हाच.

भाऊ उठून बसले. डोळे चोळत त्यांनी त्या बाईकडे, मग काकांकडे पाहिलं. "कोण हो ही? ओळखीची दिसते."

काका कळशीकडे वाकले. द्वारका गोदेकडे पाहत होती, आणि गोदेला कळलं की उत्तर आपल्यालाच द्यायचंय.

"ठाण्याची वाट विचारत होती," ती भाऊंना म्हणाली. आवाज जराही हलला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग आईकडे वळून तिनं हात केला, "ती तिकडची. मुंब्र्यावरून."

द्वारका मान खाली घालून त्या वाटेनं चालू लागली. छत्रीवाला पुढे आला, त्यानं मूल घेतलं. गाडी जुंपली. अर्धा कोस गेल्यावर भाऊ म्हणाले, "वाट विचारणाऱ्या बाईला इतका वेळ लागतो?" गोदा म्हणाली, "बहिरी होती थोडी." भाऊंनी तिला नीट न्याहाळलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला की ओळखून पोटात घातलं, हे तिला अखेरपर्यंत कळलं नाही.

सासरी गोदा शहाणी सून म्हणून नावाजली गेली. पण ती कोणाच्या बोलण्यावर एकदम विसंबत नसे. साधा निरोप आला तरी दोघांना विचारी. शेवंतीकडे तिनं एकदा लुगडं पाठवलं होतं. ते घेऊन जाणारा सांगत आला की ती गेल्या साली फुरशं चावून वारली. ते मात्र गोदेनं कोणालाच परत विचारलं नाही.

सहा वर्षांनी नवऱ्याला ठाण्याच्या कोर्टात नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडे गेलं. तलावाच्या काठी देवळाच्या पायऱ्यांवर एका सकाळी द्वारका भेटली. पहिले काही महिने दोघी खोकला, लोणचं, पोरांचे दात एवढंच बोलत. जुनं कोणी काढलं नाही. गोदेला आईचा राग यायचा, आणि न्हाव्याचा दिवस आठवला की आपल्या रागाचीही लाज वाटायची. तरी ती पायऱ्यांवर जायची थांबली नाही.

एकदा सासूनं जेवताना विचारलं, "तळ्यावर ती कोण असते गं तुझ्याशी बोलत?"

"आई," गोदा म्हणाली.

"कोणाची?"

"माझी. विधवा झाल्यावर तिनं पाट लावला होता." आणि तिनं भाताचं पातेलं पुढे केलं.

सासूनं हात आवरता घेतला. चार महिने ती गोदेच्या हातचं जेवली नाही. स्वतः चूल पेटवून पिठलं टाकी. मग पावसाळ्यात तिचे गुडघे धरले आणि एके दुपारी ती गोदेसमोर पाटावर येऊन बसली. गोदेनं भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि वाढलं.