फरशीवरचे चार ठोके

जावई स्टुलावरून उतरला तो थेट गुंडी कुत्रीच्या पायावर.

तसं त्याला दिवा बदलायला कुणी सांगितलं नव्हतं. पण सासुरवाडीत आयतं गिळायचा चौथा दिवस उजाडला होता, आणि बायको आपल्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. दोघी पाचला परत यायच्या आत काहीतरी पराक्रम करून ठेवावा म्हणून हा गडी स्टुलावर चढला. पंच्याऐंशी किलोंचा पराक्रम मागे न बघताच खाली आला. गुंडी एकदा केकाटली आणि गप्प झाली.

गुंडी दिसायला काही खास नव्हती. तपकिरी रंग, एक कान पडलेला. पण सासूबाईंना वर्षभर धड दिसत नव्हतं, आणि वर्षभर त्या रोज सकाळी दुधाला गुंडीच्या दोरीमागून गेल्या होत्या. गुंडी खड्ड्यापाशी थांबली की त्या थांबायच्या. म्हणजे याने नुसता कुत्रीचा पाय तुडवला नव्हता, सासूबाईंची काठी मोडली होती.

त्याने गुंडीच्या गळ्यात दोरी अडकवली, पायावर भार नको म्हणून ती वर ताणून धरली आणि तिला खोलीभर चालवून पाहिलं. गुंडी डावीकडचे दोन्ही पाय एकदम टाकत होती, मग उजवीकडचे दोन्ही. उंटासारखी डुलत होती. संपलं, कणाच गेला! त्याने तिला उचललं आणि चार गल्ल्या पळत जनावरांचा दवाखाना गाठला. वाटेत दोघांनी विचारलं, "काय झालं हो?" दोन्ही वेळा तो खोटं बोलला.

डॉक्टर आत एका मांजरीच्या ऑपरेशनमध्ये होते. बाहेर टेबलाशी नंबराच्या चिठ्ठ्या फाडून देणाऱ्या बाई होत्या, आणि त्यांचे यजमान, म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर, पाठ करून सुया उकळत होते. जावयाने गुंडीला खाली ठेवलं. ती दोन पावलं चालली.

"बाईंची गुंडी ना ही?" कंपाउंडर मागे न वळताच म्हणाले. "बाई कुठायत?"

"मी... जावई त्यांचा."

"कुत्र्याचं नख वाजलं की यांना मालकाचं नाव आठवतं," टेबलाशी बसलेली त्यांची बायको म्हणाली. "आणि मी चहाला तीन हाका मारल्या तर ऐकू येत नाही."

कंपाउंडर वळले. किडकिडीत माणूस, चष्मा कपाळावर, दोन्ही हातांवर चाव्यांच्या जुन्या खुणा. एकोणिसाव्या वर्षी फरशी पुसायला म्हणून इथे लागले, आणि पुसता पुसता त्या फरशीवरून जाणारे पाय शिकले. त्यांनी मधल्या लांब बोळाकडे बोट केलं. "चालवा."

जावयाने दोरी ताणली. गुंडी डुलत निघाली.

"अहो, तिला टांगलंय कशाला? दोरी सोडा ढिली. डोकं असं वर बांधून कुणी घाईने ओढलं तर तुम्हीसुद्धा उंटासारखे चालाल."

जावयाने दोरी सोडली. आणि काय आश्चर्य, दोन पावलांत डुलणं थांबलं! पाय एकेक करून पडू लागले. जावयाचा चेहरा उजळला. पण कंपाउंडरांचा नाही. त्यांनी तर डोळेच मिटून घेतले होते.

"चालताना चार ठोके पडतात, चारी सारखे," ते पुटपुटले. "हिचा एक दबका येतोय. आता जरा दुडक्या चालीने पळवा."

"पळवू? आणि मोडला असला तर?"

"मोडला असता तर तिनं टेकलाच नसता. चार पावलं फक्त."

जावई पळाला, गुंडी पळाली. बाकावरचा पिंजऱ्यातला पोपट हसल्यासारखा ओरडला.

"दुडकीत तिरपे पाय जोडीनं पडतात, पुढचा डावा, मागचा उजवा. म्हणून ठोके दोनच. आता मान बघा. कुठल्या पायावर खाली जाते?"

जावयाने जीव डोळ्यांत आणून पाहिलं. "डाव्या. पुढच्या डाव्या."

"मग दुखतो कुठला?"

"डावाच की!"

टेबलाशी चिठ्ठी फाडायचा आवाज थांबला. कंपाउंडरांनी चष्मा खाली घेतला. "मीही हेच म्हणालो होतो," ते म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वी. डॉक्टर गावाला गेलेले. बेकरीवाल्याचा कुत्रा आला, मान डाव्यावर खाली. मी ऐटीत डाव्या पायाला पट्टी बांधली. जनावर दुखरा पाय टेकताना मान वर उचलतं हो, भार चुकवायला. खाली जाते ती चांगल्या पायावर. तीन दिवस ते बिचारं चांगल्या पायाला पट्टी लावून हिंडलं, आणि उजव्यात रुतलेली काच तशीच. एक बोट कापावं लागलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं."

"तेव्हापासून डोळे मिटून ऐकायची सवय," टेबलाशी बसलेली त्यांची बायको हळूच म्हणाली. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती.

कंपाउंडर गुडघ्यावर बसले आणि उजवा पंजा हातात घेऊन एकेक बोट दाबत गेले. तिसऱ्या बोटाला गुंडीने पाय ओढून घेतला.

"हाड?" जावयाने विचारलं.

"हाडाचं मी सांगणार नाही. डॉक्टर सांगतील."

"अंदाजाने तरी?"

"अंदाजाचं आताच सांगितलं ना तुम्हाला."

मग वीस मिनिटं जावई बाकावर घड्याळाकडे बघत बसला. सासूबाई दाराशी येतील, सवयीने दोरीला हात घालतील, आणि ही तीन पायांवर उभी असेल. आपण काय म्हणणार? दिवा लागतोय म्हणून सांगणार? साडेचार झाले. गुंडीने त्याच्या बुटावर डोकं ठेवलं, त्यामुळे तर त्याला आणखीच मेल्यासारखं झालं.

अखेर डॉक्टर हात पुसत बाहेर आले. जावयाने पुढे धरलेला उजवा पंजा त्यांनी चाचपला, वाकवला, परत वाकवला. "हाड शाबूत आहे. बोट चेचलंय. आठवडाभर पळवू नका, जिन्यावरून उचलून न्या. नेमका पाय कुणी सांगितला?"

कंपाउंडर एव्हाना पुन्हा सुया उकळायला गेले होते.

जावयाच्या जिवात जीव आला आणि जीव आल्याबरोबर डोकंही चालायला लागलं. दिवा तर लागलाच होता. कुत्री चालत होती. सासूबाईंना एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने अंधुक दिसतं. तो कंपाउंडरांजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, म्हणजे आता त्यांना सांगायलाच हवं असं काही नाही ना? त्यांना कुठे दिसणार आहे!"

कंपाउंडरांनी भांड्यावरचं झाकण उचललं, वाफ जाऊ दिली आणि मागे न बघता म्हणाले,

"जावईबापू, बाईंचे डोळे गेलेत, कान नाही."