ताईचे कान

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. ताई गेली त्या दिवशी तिच्या उशाशी मी एकटीच बसले होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं — तरी नाही. आज तुमच्यापाशी बोलते आहे. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

माझ्या ताईचा, मालतीचा, मला हेवा वाटायचा. तुम्ही म्हणाल, बहिणीबहिणींत असतंच. पण माझी बहीण ठार बहिरी होती हो. बहिऱ्या माणसाचा हेवा कुणाला वाटतो?

मला वाटला.

आधी ती तशी नव्हती. आम्ही अंबरनाथला राहायचो. बाबा तिथल्या एका कारखान्यात हेडक्लार्क होते, आणि मॅट्रिक झाल्यावर ताई त्याच कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर लागली. कानाला यंत्र, समोर वायरींचं जाळं, आणि आवाज असा की साहेबलोक उगाचच नंबर मागतात म्हणून बायका चेष्टा करायच्या. तेव्हाही माझ्या पोटात दुखायचं, पण थोडंसंच — चारचौघींच्या दुखतं तेवढं. तिचं लग्नही ठरलं होतं. मग मेंदूज्वर झाला. त्यातून ती वाचली. अंथरुणात पहिल्यांदा उठून बसली तेव्हा आईला म्हणाली, "आई, स्टोव्ह विझला वाटतं गं. आवाज येत नाही."

स्टोव्ह तिच्या पाठीमागे फरफरत पेटलेला होता.

नोकरी गेली. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, लग्न मोडलं. भिंतीकडे तोंड करून ती नुसती पडून राहायची. मग बाबांना कुणी तरी उल्हासनगरच्या एका वर्गाबद्दल सांगितलं. फाळणीनंतर कराचीहून आलेले एक सिंधी मास्तर लष्कराच्या जुन्या बराकीत ड्रॉइंग शिकवत. यंत्राच्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि रेघ न् रेघ शाईनं गिरवायची — ते काम करणाऱ्याला ट्रेसर म्हणतात. नवे कारखाने निघत होते, ट्रेसर हवे होते. त्याला काय लागतं? डोळे आणि हात. कान लागत नाहीत.

पण मास्तर काय बोलतात ते तिला सांगणार कोण?

"कुसुम जाईल," बाबा म्हणाले.

कुसुम म्हणजे मी. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. वर्गात माझा नंबर पहिला, कधी चुकून दुसरा. मी विचारलं, "आणि माझी शाळा?"

"तुझं काय गं, तुझं लग्न होईल," बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तिला आता स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं."

किती मायेनं म्हणाले! ताई पुन्हा शाळेत बसली आणि मी शाळेतून उठले. तेव्हापासून मनात एकच घोकत होते — मीच का नाही बहिरी झाले? खरंच सांगते, असं मनात यायचं. बहिरी झाले असते तर मलाही कुणी शिकवलं असतं.

रोज आम्ही वालधुनी नदी ओलांडून चालत जायचो. मास्तर हिंदीत बोलायचे, मध्येच सिंधीत शिरायचे, आणि मी ताईच्या तळहातावर बोटानं मराठीत लिहायची. मला ते 'कान-बेटी' म्हणत. "ओ कान-बेटी, इसको बोल, पेन सीधा पकड़े." सगळं शिकणं माझ्यातून होऊन तिच्याकडे जायचं. मला ते तिच्याआधी कळायचं. पण हजेरीत माझं नाव नव्हतं, माझ्यापुढे ड्रॉइंग बोर्ड नव्हता.

एकदा मी मास्तरांकडे कापडाचा तुकडा मागितला. त्यांनी दिला. मी रेघ ओढली आणि शाईचा हा एवढा डाग पडला. ताई हसली नाही. तिनं मागून माझा हात धरला आणि हळूहळू रेघ ओढून घेतली. केसासारखी बारीक, सरळ. तिनं हसायला हवं होतं. ती हसली असती तर मी तिला माफ केलं असतं — पण असं हात धरून शिकवणं मला सोसलं नाही.

आणि ती पुन्हा माणसांत आली. वर्गातल्या सिंधी बायकांना आपली अक्षरं यायची नाहीत, तर त्या तिच्या तळहातावर चित्रंच काढायच्या. मग सगळ्या मिळून खो-खो हसायच्या. मी बाकाच्या कडेला. कानांची गरज फक्त मास्तर बोलू लागले की पडायची.

बघा, अजून मी मुद्द्याला हात घालत नाही.

वर्ग संपला तेव्हा मास्तरांनी तिचं काम अंबरनाथच्याच एका नव्या कारखान्यात दाखवलं. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांनी तिला बोलावलं. अर्थात मी बरोबर. साहेब मराठी होते, पण तोंडात पाइप, त्यामुळे ताईला त्यांच्या ओठांवरून काही कळेना. त्यांनी तिचं ट्रेसिंग उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. आधी कुठे काम केलं, किती शिकलात, असले प्रश्न विचारले. मी ते बरोब्बर लिहिले, ताईनं बरोब्बर उत्तरं दिली. मग ते मला म्हणाले, "काम उत्तम आहे. पण तुम्हाला काही इथे रोज बसता यायचं नाही. त्यांना विचारा — बहिणीशिवाय, एकटीला जमेल का?"

ताईनं हात पुढे केला.

मी त्यावर लिहिलं — बहिणीलाही घेऊ का, विचारतात.

एवढंच. एवढंच लिहिलं मी.

तिचा चेहरा कसा उजळला, ते काय सांगू? माझी शाळा कशापायी सुटली ते ती विसरलेली नव्हती. बहिरेपणामुळे तिचा आवाज हल्ली फार मोठा व्हायचा. त्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "ती हवीच साहेब. तिच्याशिवाय मी नाही यायची."

ती हेच म्हणणार हे मला माहीत होतं का? होतं. म्हणून तर लिहिलं.

साहेबांनी पाइप खाली ठेवला. "मग अवघड आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहत थांबले. माझं काही म्हणणं आहे का, असंच जणू विचारत होते. एका वाक्याचं काम होतं — साहेब, माझी लिहिण्यात चूक झाली. मी नमस्कार केला आणि ताईचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

रस्त्यात तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी लिहिलं — दोघींना जागा नाही. ती थांबली. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "मग मरू दे ती नोकरी."

घरी बाबा संतापले. साहेबांना जाऊन भेटतो म्हणाले, चपला घातल्या. मी दारात उभी होते. ताईनंच त्यांना अडवलं. "एकदा नाही म्हटलं ना बाबा, आता पाया नाही पडायचं." पुढे ती जागा भरली.

ताईला मग उल्हासनगरला काम मिळालं. एका बराकीत साबणाच्या वड्यांची वेष्टनं छापायचे, त्यांवर गुलाब आणि हत्ती काढायचे. यंत्रं आणि पूल काढायला शिकलेल्या हातानं तिनं जन्मभर गुलाब आणि हत्ती काढले. लग्न केलं नाही.

आणि मला काय मिळालं? काही नाही. शाळा नाहीच. दोन-तीन वर्षांनी लग्न होऊन मी बदलापूरला आले.

पहिल्या वेळी माझ्या सासूबाईंनी थाटात डोहाळेजेवण केलं. मला फुलांची वाडी घालून बसवलं. ताई आली होती. कुणी तरी तिच्या नोकरीचं काढलं, तशी ती सगळ्या बायकांसमोर मोठ्या आवाजात सांगू लागली, "मोठ्या कारखान्यात घेत होते मला. पण हिला घेईनात. मी सरळ सांगितलं, हिच्याशिवाय नाही." हे ती सगळ्यांना सांगायची. फार अभिमानानं सांगायची.

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "अशी बहीण नशिबानं मिळते," म्हणाल्या. "खरं का गं कुसुम?"

ताईला प्रश्न ऐकू आला नव्हता, पण ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"खरं," मी म्हटलं.

ताईनं पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि माझ्या तोंडापाशी धरला. मी तो खाल्ला.