पांढऱ्या पुडीचं पथ्य
आटपाडीच्या बाजारातल्या त्या पुडीवाल्यावरचा माझा राग अजून इतका ताजा आहे, की त्याच्यावर भाकरी भाजून निघेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी माझे चुलते, तात्या, पलटणीतून सुभेदार होऊन परतले. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली, म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. मग गुडघे धरले आणि तात्यांनी आटपाडीच्या बाजारातली ही पांढरी पुडी सुरू केली. आठवड्यात औंधचा डोंगर चढून यमाईला जाऊन आले. पायऱ्या दोन-दोन करून, असं ते म्हणत. मी गावात तीन-तीन सांगितल्या.

पुडीचं पथ्य एकच: कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. तात्यांनी तो हुकूम मानला. पाच महिन्यांत तोंडाचा भोपळा झाला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आणि एका सकाळी परसाकडं डांबरासारखी काळी झाली.

सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" सुभेदारांनी खिसा हातानं दाबून धरला. मीच त्यांच्या खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली.

"यात स्टेरॉइड असणार," डॉक्टर म्हणाले. "रक्ताच्या गोळीबरोबर ते मोजून, रक्त तपासत द्यायचं असतं. आता अंगाला सवय झालीय, एकदम तोडलं तरी जिवावर बेतेल. किती पोटात जातंय ते कळायला पाहिजे."

तात्यांना दवाखान्यात ठेवून मी आटपाडी गाठली.

"पुडीत काय हाय?"

"सांगितलं की गुण जातो, गड्या."

"गुण घालवायलाच आलोय. तात्यांचं रक्त चाललंय."

तो हसला. मग मी आवाज काढला. तो ऐकून पार शिराळ्याचे नाग बिळात परतले म्हणतात. कोण पुडी घेतंय, तिच्याबरोबर काय घेतंय, सगळ्या बाजाराला विचारलं. एक म्हातारी पुढं आली. "माजंबी त्वांड सुजलंय रं, लेकरा." मागं आणखी सुजलेली तोंडं. पुडीवाल्यानं मुकाट चटईखालून गोळ्यांचा डबा काढला. एका पुडीत दोन गोळ्या कुटलेल्या.

मी नेलेल्या डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरांनी हिशेब बसवला. तीच गोळी जेवणानंतर, दर आठवड्याला थोडी कमी. रक्त पातळ करायची गोळी कमी केलेली, आणि रक्त किती वेळात गोठतं त्याची सारखी तपासणी. चार महिन्यांनी तात्या पुडीतल्या गोळीतून सुटले. गुडघे पुन्हा धरले. "माजा गुण घालवलास रं," म्हणून मलाच शिव्या देत.

माझं मात्र भागलं नव्हतं. दर बाजाराला त्याच्यासमोर पोतं टाकून बसायचो, आणि पुडीला हात लावणाऱ्याला मोठ्यानं विचारायचो, "आणि कुठल्या गोळ्या चालू हायत, आवं?" पाचव्या बाजाराला तो दिसला नाही. कर्नाटकात गेला म्हणाले.

मी कानडी शिकायला घेतली.