जिताड्यांचा समतोल आहार

माझ्या हातचं जेवण नाकारून एकमेकांना खाणारे मासे मी स्वतः पाहिले आहेत.

शहाऐंशी साली डोंबिवलीहून लग्न होऊन मी कळव्याला आले. सासऱ्यांच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, घरामागेच तळं होतं. त्यात त्यांनी खाडीतून निवडून आणलेली, बोटाएवढी जिताड्याची दोनशे पिलं सोडली होती. तेवढ्यात उरणची नणंद आजारी पडली आणि बाबा, म्हणजे सासरे, आठ दिवस तिच्याकडे निघाले. जाताना मला म्हणाले,

"पोरी, सकाल-संध्याकाल ओला जवला बारीक करून घाल. सोबत मासलीचं तेल. उपाशी ठेवू नको."

मी होम सायन्सची पदवीधर. (पहिला वर्ग!) एवढ्याशा पोटाला रोज मासळी, वर तेल? मी नाचणीचं सत्त्व, मऊ भात आणि मुगाचं वरण सुरू केलं. पिलं तोंड लावेनात. मला वाटलं, नवीन चव आहे, लाजत असतील.

चौथ्या दिवशी पिलं विरळ दिसायला लागली. मी बगळ्यावर संशय घेतला. नवऱ्याने ऑफिसला दांडी मारून तळ्यावर जाळं ताणलं. तरी पिलं कमीच. मग मी शेजारच्या यमुनाकाकूंना आडून विचारलं, "काकू, आज कालवण कशाचं?"

"कोळ्याच्या घरात मासली कमी पडली काय गं?" माझा रोख ओळखून त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

सहाव्या दिवशी एक गलेलठ्ठ पिलू वर आलं. त्याच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी लोंबत होती.

बाबा परतले तेव्हा बावीस पिलं उरली होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांचं वर्षाचं उत्पन्न होतं ते.

"वाढतं पिलू हाय. निम्मं जेवन मांसाचं लागतं, तेल पन लागतं," ते शांतपणे म्हणाले. "तू दिलं नाय, म्हनून त्यांनी घरातल्या घरात भागवलं."

मग स्वतःच जाऊन त्यांनी यमुनाकाकूंची माफी मागितली.

पुढच्या वर्षी पिलं सोडायच्या आदल्या दिवशी बाबा मला माहेरी पोचवून आले. "आठ दिवस आराम कर," म्हणाले. न्यायला आले ते तीन महिन्यांनी, पिलं वीतभर झाल्यावर. तोवर डोंबिवलीत सगळ्यांना वाटत होतं, मला नवऱ्याने टाकलं. खरं कारण सांगण्यापेक्षा मला तेच बरं वाटलं.