चाळीस बादल्या आणि एक लोटा

गाडीला पहिलं भोक पाडायच्या आधी गायकवाड काकांनी डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"पाड बाबा," म्हणाले, "पण मला बघायला लावू नको."

मी ड्रिल चालू केलं. पत्र्याचा कीस बाहीत गेला. असली आठ भोकं पाडायची होती. चांगल्या, न गळणाऱ्या गाडीला आठ भोकं पाडायची आणि मग ती गळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा, असा आमचा धंदा आहे.

मी हूडवाला. जीपचं कापडी छत, ट्रकची ताडपत्री, टेम्पोचा मागचा पडदा असलं शिवणारा माणूस. लातूरला नांदेड रोडवर माझं दुकान आहे. कापडी हूडाच्या जीपा रस्त्यावरून गेल्या तसं माझं निम्मं काम गेलं. आता लोक सीट कव्हर घ्यायला येतात आणि मी त्यांना रंग दाखवत बसतो. अशात एक दिवस काका आले आणि म्हणाले, "दत्ता, ऑनिंग बसवता येतं का रे तुला?"

मी जन्मात एकदाही ऑनिंग बसवलं नव्हतं. म्हणून लगेच म्हणालो, "रोजचंच काम हाय, काका."

ऑनिंग म्हणजे गाडीच्या कुशीला लावलेली कापडाची गुंडाळी. ओढली की गाडीशेजारी मांडव तयार होतो, गुंडाळली की गाडी चालू लागते. पडद्याच्या वरची दांडी असते ना, तसा ॲल्युमिनियमचा एक लांब चॅनेल गाडीला छताच्या कडेशी बोल्टांनी आवळायचा आणि कापड त्यात अडकवायचं. ऐकायला सोपं आहे. मलाही ऐकायला सोपंच वाटलं होतं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी लातूर-नांदेड, नांदेड-लातूर. अहमदपूरला थांबायचं, लोह्याला थांबायचं, कंट्रोलर सांगेल तेव्हा निघायचं. "आयुष्यभर दुसऱ्याच्या थांब्यावर थांबलो," ते म्हणायचे, "आता मी म्हणीन तो थांबा." रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटं काढून टाकली, आत पलंग, शेगडीचा ओटा, छोटं बेसिन असं घरच बसवलं. यालाच कॅम्पर व्हॅन म्हणतात. डॅशबोर्डवर हाताच्या मुठीएवढी बुद्धमूर्ती ठेवली. काकांची तयारी झाली. राहिल्या काकू.

शकुंतलाकाकूंना गाडीचं कौतुक नव्हतं. त्यांचा सगळा प्रवास लग्नं आणि मयती यांच्यासाठी झालेला. त्या माझ्या दुकानात येऊन, सीट कव्हरच्या ढिगावर बसून म्हणाल्या, "हे बघ दत्ता, मला गावं बघायची न्हाईत. मला एका जागी बसून निवांत चहा प्यायचाय आन् कुणी 'ऊठ' म्हणायचं न्हाई. त्यासाठी सावली पायजे आन् झोपायला कोरडी गादी. एकदा जरी गळलं, तर मी एसटी धरून घरी. मग ह्यांनी ती गाडी इकावी."

काका तिथंच उभे होते. नुसतं माझ्याकडं बघितलं. बस निघायच्या वेळी मागचं दार नीट लागलं का, असं कंडक्टरला विचारताना ड्रायव्हर बघतो ना, तसं.

म्हणून मी कामात कसर ठेवली नाही. आठ बोल्ट, प्रत्येकाला रबरी वायसर. मग सिलिकॉन. सिलिकॉन म्हणजे ट्यूबमधून निघणारं चिकट रबर, वाळलं की फट बंद. मी चॅनेलच्या वरून लावलं, दोन्ही बाजूंनी लावलं, खालूनही लावलं. फोटोला चौकट करतात तशी चारी बाजूंनी करकचून चौकट केली. ओल्या बोटानं गुळगुळीत केली. स्वतःच लांब उभं राहून बघितली. कापड ओढून दोन पाय लावले आणि मांडव असा सपाट ताणला की वर वाटी ठेवली असती तर हलली नसती.

आता राहिली होती पाण्याची परीक्षा.

इथं मला माझे उस्ताद आठवले. आठवायलाच पाहिजेत, कारण पुढं जे झालं ते त्यांचं न ऐकल्यानं झालं.

मेहबूब उस्तादांकडे मी नांदेडला काम शिकलो. जुन्या गावात, नदीपासून चार पावलांवर त्यांचं दुकान होतं. मेण लावलेल्या दोऱ्याचा, नव्या कॅनव्हासचा आणि त्यांच्या विडीचा मिळून एक वास तिथं कायम असायचा. कुठं ट्रक नवी ताडपत्री सोडून बसला की अजून तो वास येतो आणि मी उगाच दोन मिनिटं तिथं रेंगाळतो. उस्तादांचा नियम होता: हूड तयार झालं की जीपच्या मालकाला आत बसवायचं. त्याच्या मांडीवर, सीटांवर, खाली, सगळीकडं वर्तमानपत्र पसरायचं. मग वरून चाळीस बादल्या पाणी. मी ओतायचो, उस्ताद खाटेवर बसून मोजायचे. दर बादलीला कापडाला लावायची एक पितळी रिंग वाटीत टाकायचे. टण्. चाळिसावी पडली की ओरडायचे, "मालक, अखबार सुका?"

आतून "सुका!" आलं तर चहा. "ओला" आलं तर सगळी शिवण उसवायची. बोलायचं नाही, उसवायची.

पण ते नांदेड होतं. दारात गोदावरी. माझं दुकान लातुरात. मे महिना, गल्लीत नळ कधी येईल ते नळालाही माहीत नव्हतं. समोरच्या घरात सहा घागरी ओळीनं झाकून ठेवलेल्या. अशा गल्लीत मी एका गाडीवर चाळीस बादल्या पाणी ओतलं असतं, तर गाडीआधी मी भिजलो असतो, लोकांच्या शिव्यांनी. मी फार विचार केला आणि प्यायच्या पाण्याचा तांब्याचा लोटा आणला. चॅनेलवर बारीक धार धरली. समोरची बाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"भाऊ, गाडीला आंघोळ घालायलाव का जावळ काढायलाव?"

मी ऐकलं न ऐकलं केलं. आत जाऊन भिंतीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत. "काका, पास!" म्हणालो. काकांनी माझी पाठ थोपटली. ती थाप आजही मला लागते.

पहिली फेरी काकूंच्या माहेराला, चाकूरजवळच्या शेतात. काका म्हणाले, लांब जायच्या आधी एक मुक्काम करून बघू. दुपारी चारला बांधावर गाडी लावली, मांडव ओढला, काकूंनी स्टोव्हवर आधण ठेवलं. आणि अवकाळी आला. अर्धा तास धोधो.

मला फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला चॉकलेटी आणि कॉफी या रंगांतला फरक समजावून सांगत होतो.

"दत्ता," काका म्हणाले. आवाज एकदम शांत होता. "तुझ्या मांडवाची पखाल झाली. मधे एवढं पाणी साचलं की म्हस पाजता आली असती. वजनानं तुझा तो चॅनेल करकरला. मी खालून काठीनं ढोसून पाणी पाडलं. तवर आत भिंतीतून धार. थेट गादीवर."

"काकू?"

"काकू एसटीनं गेल्या."

नंतर कळलं ते असं. काकूंनी चहाचं आधण ओतून दिलं, पिशवी घेतली, भिजत फाट्यावर गेल्या आणि लातूर गाडीला हात केला. कंडक्टर काकांचा ओळखीचा निघाला. "काकू, साहेब कुठं हायत?" त्यानं विचारलं. काकू म्हणाल्या, "गाडी इकायला गेलेत."

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो. काकू अंगणात गादी उन्हात घालत होत्या. मला बघून गादीवर जरा जास्तच जोरात काठी मारली. काका गाडीतच बसलेले, स्टिअरिंगवर हात ठेवून, बंद गाडीत.

"मी पुन्हा सिलिकॉन लावतो," मी म्हणालो. "डबल लावतो."

"नको," काका म्हणाले. "एक गिऱ्हाईक परवा येऊन बघून जाणार हाय."

मग मात्र मी जे चार वर्षांत केलं नव्हतं ते केलं. उस्तादांना फोन लावला. सगळं सांगितलं. लोटा सोडून.

"पाणी किती डाल्या?" उस्तादांनी विचारलं.

"...एक लोटा."

"लोटा!" ते म्हणाले. "नमाजाआधी हातपाय धुवून वजू करायला बसला होता का रे? गाडी घिऊन ये. आन् जिच्या गादीवर गळलं तिलाबी आण. ती आत बसंल."

काकूंना तयार करायला माझी सकाळ गेली. शेवटी म्हणाल्या, "त्या बुवानं बोलावलं म्हणून येते. पण ह्यांच्या गाडीत न्हाई." आणि खरोखर, त्या एसटीनं नांदेडला आल्या. आम्ही व्हॅनमधून. अहमदपूरच्या पुढं त्यांची बस आम्हाला ओलांडून गेली. खिडकीत काकू ताठ बसलेल्या. काकांनी सवयीनं डिपर दिला. काकूंनी मान फिरवली.

उस्ताद आता थकलेत. दुकान कधीच बंद झालंय, अंगणात फक्त ती खाट उरली आहे. डोळ्यांना अंधुक दिसतं. मी पाया पडलो तर त्यांनी आधी माझी बोटं हातात घेऊन चाचपली.

"सुईचे घट्टे गेले की रे सगळे," म्हणाले. रंग दाखवून घट्टे पडत नाहीत.

मला आणि काकांना त्यांनी गाडीवर पाणी ओतायला लावलं. दहा बादल्यांत आतून भिंत पाझरली. मग ते उठले. चॅनेलच्या वरच्या कडेवरून एक बोट हळूहळू फिरवत नेलं, आपण परातीच्या काठाला चीर आहे का बघतो तसं. मधोमध थांबले. "इथं. केसाएवढी चीर. मांडव सपाट ताणला, पाणी साचलं, वजनानं चॅनेल ओढला. पण एवढ्याशा चिरीतून गेलेलं पाणी खाली पडून जायला पायजे. ते आत का गेलं?"

खिशातला छोटा चाकू काढून त्यांनी चॅनेलच्या खालच्या कडेचं माझं गुळगुळीत सिलिकॉन एका रेषेत कापत नेलं. आणि आतून पाणी भळाभळा बाहेर आलं. सरळ माझ्या चपलांवर.

"तू ह्याला चारी बाजूंनी कोंडला," उस्ताद म्हणाले. "पाणी घुसणारच. आज न्हाई तर उद्या. वरून बंद कर, बाजूंनी बंद कर, पण खालून जायला वाट ठिव. वाट न्हाई दिली तर ते बोल्टाच्या भोकातून घरात येतं. त्याचा काय कसूर?"

काका एकदम हसायला लागले. सकाळपासून पहिल्यांदा.

पुढचं काम मी केलं, उस्तादांनी फक्त बोट फिरवलं. जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, पत्रा पुसून कोरडा केला, वरून आणि बाजूंनी नवं लावलं, खालची कड मोकळी सोडली. मांडवाचा एक पाय वीतभर आखूड केला, म्हणजे कापडाला उतार आला आणि पाणी एका कोपऱ्यातून पडायला लागलं. सिलिकॉन वाळायला एक दिवस लागतो. तेवढा मुक्काम उस्तादांच्या घरी झाला. त्यांच्या सुनेनं आणि काकूंनी मिळून भाकरी थापल्या. उस्तादांनी माझ्या जुन्या चुका काकूंना तपशीलवार सांगितल्या. एकदा मी हूडाची खिडकी उलटी शिवली होती, तेही. काकूंचा माझ्यावरचा राग तेव्हा जरा कमी झाला असावा, कारण त्यांची खात्रीच पटली की मी हे मुद्दाम करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सगळीकडं वर्तमानपत्रं पसरली. काकू आत गादीवर बसल्या, दार लावलं. मी ओतायला लागलो. खांदे भरून आले. उस्ताद खाटेवर, मांडीत तीच वाटी, तसल्याच पितळी रिंगा. टण्. टण्. मी डोळे मिटले असते तर मी परत अठराचा असतो आणि आत कुणीतरी जीपवाला बसलेला असता. पण डोळे मिटायची सोय नव्हती, काका माझ्याकडं एकटक बघत होते.

चाळीस.

"मालकीणबाई," उस्ताद ओरडले, "अखबार सुका?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

मग काकूंचा आवाज आला. "सुकाय! पण बातम्या शिळ्या हायत. आन् चहा कुठाय?"

चहा मांडवाखालीच झाला. वीतभर उतारावरून शेवटचं पाणी ठिबकत होतं. कप रिकामा झाला तरी काकू उठल्या नाहीत आणि कुणी "ऊठ" म्हणालं नाही. अर्ध्या तासानं काकांनी फोन काढला आणि गाडी बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "न्हाई इकायची. गेली ती फिरायला."

आणि खरंच गेली. लातूरला परत न येता, दोघं तिथूनच पुढं निघाले. जाताना काकूंनी खिडकीतून हात केला. मला कुणी विचारलंच नाही की मी घरी कसा जाणार.

मी नांदेडच्या स्टँडवरून एसटी धरली. खिशात उस्तादांनी दिलेल्या चार पितळी रिंगा होत्या. आता दुकानातल्या कुठल्या गाडीची पाण्याची परीक्षा असली की मी ती नांदेडला नेतो, दर दहा बादल्यांना एक रिंग वाटीत टाकत चाळीस मोजून ओततो. आणि लोटा? लोटा दुकानातच आहे. प्यायच्या पाण्याचा आहे, त्यातून पाणी पितात.