चौथा गट

रामकुंडावरचे हे गुरुजी म्हणजे पाहण्यासारखं प्रकरण! गावाचं नाव ऐकलं की वही उघडून यजमानाच्या सात पिढ्या घडाघडा म्हणत आणि प्रत्येक वाक्याला जोडत, "लिहून ठेवा!"

मी इस्पितळात कंपाउंडर होतो. एकदा गुरुजी तिथे आले, तेव्हा रक्त तपासणारे नवे डॉक्टर म्हणाले, "रक्ताचे गट चार. सगळ्या जातींत सापडतात, वानरांतही. जातींहून फार जुने आहेत ते."

"चार? मग हे चार वर्णच, लिहून ठेवा!" गुरुजींनी ऐटीत बोट पुढे केलं.

मीच थेंब तपासला. गट निघाला चौथा.

मला हसू आवरेना. गुरुजींनी मला कोपऱ्यात ओढलं. "अरे, चौथा म्हणजे शूद्र! पहिला कर बाबा." मीही गंमत म्हणून चिठ्ठीवर झोकात 'पहिला' लिहिलं. ती चिठ्ठी ते घाटभर मिरवत.

महिन्याभराने त्यांच्याच सायखेड्याच्या यजमानाची सून आमच्या इस्पितळात बाळंतपणात रक्त जाऊन पांढरीफटक पडली. चौथ्या गटाचं, म्हणजे आज ज्याला 'ओ' म्हणतात त्याचं, रक्त कुणालाही चालतं. सासऱ्याने गुरुजींचे पाय धरले. "काय बी करा गुरुजी, पोरीला वाचवा."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसत तीच खोटी चिठ्ठी डॉक्टरांपुढे धरली.

"पहिला? तो हिला चालणार नाही, उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले.

नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिलो.

संध्याकाळी ती गेली. गुरुजींनी वही उघडली, लेखणी उचलली, परत ठेवली. मग वही माझ्याकडे सरकवली.

"तुझं अक्षर चांगलं आहे. तिचं नाव लिहून ठेव."

मी लिहिलं.