तहान लागेपर्यंत

आखातातल्या अमवाज बेटावरच्या एका फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त करायला गेलो होतो. दार एका म्हाताऱ्या, काळ्या अमेरिकन बाईंनी उघडलं. मुलीकडे राहायला आल्या होत्या. काम संपेपर्यंत माझी शिडी गच्च धरून उभ्या राहिल्या! मग त्यांनी पाण्याचा ग्लास दिला. मी सवयीने ओठ न लावता वरूनच प्यायलो. बाईंचा चेहरा पडला.

"माझा ग्लास चालत नाही तुला?"

मी उडालोच! "नाही हो मॅडम, उलटंच आहे! आमच्या बाबांना शाळेत भांड्याला शिवू देत नव्हते, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तेव्हापासून घरात सगळे असंच पितो."

बाईंनी माझं मनगटच धरलं. त्यांच्या शहरातल्या गोऱ्यांच्या शाळेत गेलेल्या पहिल्या काळ्या मुलांपैकी त्या एक! त्या नळावर पाणी प्यायल्या की मागची अख्खी रांग पांगायची.

"मग?" मला राहवेना.

"मग काय! मी रोज प्यायचे. शेवटी तहान लागलीच की त्यांना!"

दोघंही खो खो हसलो.

"आजी, अजून द्या ना," मी चक्क मराठीत बोलून गेलो. त्यांना बरोबर कळलं. त्यांनी ग्लास काठोकाठ भरला आणि मी तो तोंडाला लावला.